शब्दयादीची चाळणी : एक भाषिक विचार

बारामतीच्या किंवा इंदापूर तालुक्यातील लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत उद्या आपल्यापैकी काहीजण नोकरीस लागतील. तेथील पत्रव्यवहार आता ई-मेलने चालतो, आणि मोठ्या कंपन्यांत असे पत्र पुष्कळदा संगणकाच्या एका चाळणीतून जाते. निषिद्ध शब्दांची यादी केलेली असते. त्यातील शब्द आढळला की पत्र अडते अथवा तपासणीस जाते. शिवीगाळ, धमकी, छळ व गुपितांची फूट थांबावी, हा हेतू. हेतूविषयी वाद नाही. परंतु भाषेचा विद्यार्थी म्हणून मला प्रश्न पडतो तो असा, की ही यादी नेमके काय पकडते?

माझ्या मते ती अक्षरांचा क्रम पकडते, अर्थ नव्हे. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना 'अमेरिका ऑनलाइन' या सेवेत खाते उघडता येईना. कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अश्लील इंग्रजी शब्द दडलेला होता. आपण मराठी पुष्कळदा रोमन लिपीत लिहितो. 'सुरक्षित', 'प्रकाशित', 'शिक्षित', 'अपेक्षित' हे शब्द तसे लिहून पाहावेत. प्रत्येकाच्या अखेरीस एस, एच, आय, टी ही चार अक्षरे येतात, आणि तो विष्ठावाचक इंग्रजी शब्द होतो. 'क्त' प्रत्ययाने सिद्ध झालेली ही सभ्य धातुसाधिते अशा रीतीने शिव्यांच्या पंक्तीत बसतात. दीक्षित आणि शितोळे ही आडनावेही सुटत नाहीत. 'अपेक्षित माल सुरक्षित पोहोचला' हे निरुपद्रवी वाक्य दोनदा दोषी ठरते.

यावर उपाय सुचविला जातो, की तुकडा न पाहता पूर्ण शब्दच जुळवावा. इंग्रजीत हे बरेचसे निभावते. मराठीत मात्र सामान्यरूप आडवे येते. साखर कारखान्यात 'काटा' म्हणजे उसाची गाडी तोलण्याचा वजनकाटा. पण एखाद्याचा 'काटा काढणे' ही धमकी. यादीत 'काटा' घातला, तर 'आज काटा बंद आहे' हे पत्र अडेल, आणि 'या काट्याचा बंदोबस्त करतो' ही धमकी खुशाल निघून जाईल. कारण 'काट्याचा' हे रूप यादीत नाही. सर्व रूपे घातली, तर काट्यावर उभ्या असलेल्या गाड्यांची सर्व पत्रे अडतील!

आपल्याच बारामतीत राहिलेल्या मोरोपंतांचे (१७२९–१७९४) उदाहरण येथे बोलके आहे. त्यांच्या निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने वर्ज्य आहेत. म्हणजे 'राम' हे नावच निषिद्ध; तरीही रामकथा सांगून होते. पंतांनी जे भक्तीने व विद्वत्तेने केले, तेच लबाड मनुष्य दुष्ट हेतूने करू शकतो.

सर्वांत गंभीर बाब तक्रारीची. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार लेखी करावयाची असते. तीत, आपल्याला काय बोलले गेले, ते शब्द पीडितेला लिहावे लागतात. यादी तिचे पत्र अडवील. आणि 'बढतीविषयी बोलायचे आहे, सर्व गेल्यावर थांबा' हे साहेबांचे सभ्य शब्दांतील पत्र बिनबोभाट पोहोचेल. २००३ साली ब्रिटिश संसदेच्या चाळणीने लैंगिक गुन्ह्यांच्या विधेयकाविषयीची पत्रे अडविली होती, आणि वेल्श भाषेतील पत्रेही! अल्प भाषिकांनी यावरून बोध घ्यावा.

तथापि यादी सर्वस्वी निरुपयोगी नाही. ज्याचे रूप ठरलेले, ते ती चांगले ओळखते. पॅन क्रमांकात पाच अक्षरे, चार अंक व पुन्हा एक अक्षर असते. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा पडताळ्याचा असतो. असे क्रमांक बाहेर जाताना थांबविणे सोपे आहे. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी नको असलेल्या टपालासाठी, एकेका शब्दावरून निकाल न देता पत्रातील शब्दांचे एकत्रित वजन पाहण्याची संभाव्यतेची पद्धत मांडली. तीही शिकते ती नमुन्यांवरून; मराठी नमुनेच नसतील तर मराठी तिला कळावी कशी?

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते, की यादी करताना मराठी जाणणारा माणूस सोबत असावा. पत्र अडल्यास पाठविणाऱ्यास तसे कळवावे. तक्रार समितीचा पत्ता चाळणीबाहेर ठेवावा. आणि कोणासही शिक्षा करण्यापूर्वी ते पत्र माणसाने मुळातून वाचावे. विभक्ती, प्रत्यय, वाक्प्रचार यांचा अभ्यास केवळ परीक्षेपुरता आहे, असे कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी समजू नये. कोणाची तरी तक्रार योग्य हाती पोहोचणे या ज्ञानावर अवलंबून आहे.