ट्रॅक्टरचे इंजिन बंद करताना टर्बोचार्जरची काळजी

डिझेलची बचत करावी, हा सल्ला योग्यच आहे. परंतु ती कोणत्या क्षणी करावयाची, यासही महत्त्व आहे. खोल नांगरटीचे शेवटचे तास संपवून ट्रॅक्टर बांधाशी येतो आणि चालक तत्क्षणी इंजिन बंद करून भाकरी खावयास जातो, हे दृश्य उन्हाळ्यात नेहमीचे आहे. ट्रॅक्टरला टर्बोचार्जर असल्यास ही घाई महाग पडते.

टर्बोचार्जर हा इंजिनाचा भाता समजावा. लोहाराचा भाता माणूस ओढतो. येथे ते काम इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर करतो. धुराच्या जोराने एक चक्र फिरते व त्याच दांड्यावरील दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरात लोटते. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी या युक्तीचे पेटंट १९०५ साली घेतले. भर कामात हा दांडा मिनिटास लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि धुराचे तापमान ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर जाते. एवढ्या वेगाचा दांडा इंजिनाच्याच तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेच तेल त्यास थंडही ठेवते.

इंजिन थांबताच तेलाचा पंप थांबतो. दांडा मात्र क्षणभर फिरत राहतो व तापलेल्या कवचाची उष्णता आत शिरते. अडकलेले तेल, कढईच्या बुडाशी जळावे तसे जळून, त्याचा काळा कठीण थर बसतो. एका दिवसात काही बिघडत नाही. म्हणूनच ही खोड सुटत नाही. पुढे तेलाच्या बारीक वाटा बुजतात, बेअरिंग झिजते, धूर निळसर होतो, कर्कश शीळ ऐकू येते आणि ट्रॅक्टरची ओढ कमी होते. हे बहुधा ऐन पेरणीत उघडकीस येते.

यासाठी जड कामानंतर इंजिन दोन ते तीन मिनिटे मंद गतीने चालू ठेवावे. फारच ताण पडला असल्यास पाच मिनिटे. मंद गतीत तासाला सुमारे एक लिटर डिझेल लागते असे धरले, तर तीन मिनिटांत ५० मिलिलिटर जाते. पाच मिनिटांहून अधिक वेळ चालू ठेवणे मात्र निव्वळ नासाडी होय. रिकामी ट्रॉली सावकाश घरी आणली असेल, तर टर्बोचार्जर वाटेतच निवलेला असतो. तेथे अर्धे मिनिट पुरे. बंद करण्यापूर्वी जोरात रेस देण्याची काही चालकांची सवय सर्वांत घातक आहे. भाराखाली इंजिन अचानक बंद पडल्यास, अन्य बिघाड नसेल तर, भार काढून ते लगेच पुन्हा सुरू करावे व मंद चालवावे.

डिझेल जीपलाही घाट चढून आल्यावर हाच नियम लागू आहे. गावातल्या संथ फेरीनंतर त्याची गरज नाही.

सर्वच ट्रॅक्टरांना टर्बोचार्जर नसतो. धुराच्या नळीलगत गोगलगाईच्या शंखासारखे लोखंडी कवच दिसल्यास तो आहे असे जाणावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते मालक व चालक दोघांनाही दाखवावे. चालक पुष्कळदा रोजंदारीवर असतो. डिझेलचा हिशेब घेताना मालकाने ही तीन मिनिटे त्याच्या नावावर मांडू नयेत.