सोलर माळ घेण्याआधी ऊन बघा

आमच्या गावच्या घरी तुळशीवृंदावनापाशी प्लग नाही. घरातून वायर ओढायची तर अंगणभर जोड, आणि ओल्या जमिनीवर लहान मुलं अनवाणी फिरतात. म्हणून सोलर माळा आणल्या. आता कुणी विचारलं की मी आवर्जून घ्या म्हणते, आणि सोबत एवढं सांगते.

१. दिवे मोजू नका, सेल विचारा. खोक्यावर ‘२०० एलईडी’ ठळक छापलेलं असतं, पण रात्र निभावते ती सेलवर. स्वस्त माळेत बरेचदा १.२ व्होल्टचा, ६०० एमएएचचा एकच निकेल-मेटल हायड्राइड सेल असतो. गुणाकार केला तर जेमतेम ०.७२ वॉट-तास, तेवढ्यात सगळे दिवे रात्रभर कसे उजळणार? ३.७ व्होल्टचा, १२०० एमएएचचा लिथियम सेल असेल तर साठा सहापट होतो. मात्र १८६५० मापाच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर ती माळ खाली ठेवा. नावाजलेल्या कंपन्यांचे त्या मापाचे सेलही साधारण ३५०० च्या आसपास असतात. डबी स्क्रूने उघडते का, तेही बघा. सेल दोन-तीन वर्षांत थकतो. तो बदलता आला तर माळ जगते. बदलताना जुन्याच जातीचा आणि तितक्याच व्होल्टचा घाला. घड्याळात घालतो तो साधा पेन्सिल सेल इथे कधीही नको, चार्ज होऊ लागला की तो गळतो.

२. माळेची जागा नंतर, पॅनेलची आधी. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दिवाळीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून ५५ ते ६० अंशांवरच असतो. मे महिन्यात लख्ख उन्हात असणारा गच्चीचा कोपरा कार्तिकात कठड्याच्या सावलीत जातो, तो यामुळेच. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, थोडं तिरकं लावा. सकाळी दहा, दुपारी बारा आणि तीनला तिथे सावली कुठवर येते ते एकदा बघून घ्या. पॅनेलमधल्या पट्ट्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एका पट्टीवर फांदीची सावली पडली तरी सगळ्या पॅनेलचं काम मंदावतं. पॅनेलपासून पहिल्या दिव्यापर्यंतची वायर किती लांब आहे, हे दुकानातच विचारा. आणि बाल्कनी उत्तरेला असेल तर दिवाळीत तिथे थेट ऊन येतच नाही. अशा घरी मी सरळ प्लगची माळ घ्यायला सांगते.

३. गणपतीत हिच्यावर विसंबू नका. भाद्रपदात आभाळ भरलेलं असतं, आरतीच्या वेळीच माळ मंद होते. दिवाळीत पाऊस सरलेला असतो आणि ऊन कडक असतं, तेव्हा ती खरी खुलते.

४. काही माळा बटण बंद असेल तर चार्जच होत नाहीत. सोबतचा कागद वाचा आणि पहिल्या दिवशी पुरतं ऊन दाखवा.

५. अंधार झाला हे माळेला बहुधा पॅनेलवरूनच कळतं. रस्त्यावरचा दिवा त्यावर पडत असेल तर ती लागतच नाही.

६. आयपी ४४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारी. आपल्याकडचा आडवा पाऊस धरला तर दुसरीच घ्यावी, तरीही मृगाआधी उतरवलेली बरी. चार्ज करून, सेल काढून, पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा. तांब्याची बारीक तार घडीवर तुटते. कोकणात खाऱ्या हवेनं सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, तो कोरड्या फडक्याने पुसा. पॅनेलवरची धूळही आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून काढा.

७. झाडावर लावली असेल तर झोपायच्या वेळी बंद करा. तिथे पाखरं मुक्कामाला असतात, आणि उरलेला चार्ज दुसऱ्या दिवशी आभाळ आलं तर कामी येतो. संपलेला सेल घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.