बोटीच्या इंजिनाचा जड झालेला थ्रॉटल : कारणमीमांसा व दुरुस्ती

वैनगंगा ही भंडारा जिल्ह्याची जीवनवाहिनी. पवनी तालुक्यात या नदीवर गोसीखुर्द धरण उभे राहिले. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरणाच्या फुगवट्याने पात्र विस्तारले आणि वल्ह्याच्या डोंग्यासोबत इंजिनाची बोटही येथे परिचयाची झाली. २०२० च्या ऑगस्टअखेरच्या महापुरात भंडारा शहर व नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली, तेव्हा अशा बोटींची गरज सर्वांनाच पटली. म्हणून बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाच्या एका नेहमीच्या दोषाचा येथे विचार करू.

थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा वेग कमी-अधिक करणारी योजना. लहान इंजिनात ती सुकाणूच्या दांड्यावरील फिरत्या मुठीत असते, तर मोठ्या बोटीत चालकाजवळच्या खटक्यापासून केबलद्वारे इंजिनापर्यंत जाते. ती जड झाली की वेग वाढवणे कठीण होते. पण खरा धोका वेग न उतरण्यात आहे. पुरात घराच्या भिंतीजवळ बोट नेताना वेग वेळेवर उतरला नाही, तर बोटीतील माणसांचा जीव धोक्यात येतो.

हा दोष आपल्या भागात का उद्भवतो? येथे समुद्राचे खारे पाणी नाही. परंतु गढूळ पाण्यातील बारीक गाळ सांध्यांत शिरतो. त्यात पुरासाठी राखून ठेवलेली बोट वर्षाचा बहुतेक काळ उभीच असते. जुने ग्रीस वाळून घट्ट होते आणि केबलचे आवरण फाटले असल्यास आतील तारेला गंज चढतो.

दुरुस्तीपूर्वी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, आपत्कालीन बंद-स्विचची दोरी काढावी आणि प्लगच्या वायरी सोडवाव्यात. पेट्रोलची वाफ पेट घेते. म्हणून काम मोकळ्या हवेत करावे आणि जवळ विडी-काडी नसावी.

प्रथम मुठीजवळचा घर्षण-स्क्रू पाहावा. मूठ एका जागी स्थिर राहावी म्हणून तो दिलेला असतो. कोणी तो जास्त आवळला असेल, तर सैल करताच काम होते. तसेच, गिअर न्यूट्रलमध्ये असताना मूठ पूर्ण न फिरणे ही अनेक इंजिनांतील सुरक्षेची सोय आहे. तो बिघाड समजू नये.

यानंतरची पायरी निर्णायक होय. केबलचे टोक इंजिनाकडील थ्रॉटलच्या दांडीपासून सोडवावे. तत्पूर्वी तिच्या नटाची जागा खुणेने नोंदवावी. आता दांडी हाताने हलवून पाहावी. ती हलकी फिरून स्प्रिंगने परत आली, तर दोष केबलमध्ये किंवा मुठीत आहे. ती इथेही जड असेल, तर दोष इंजिनाकडील सांध्यांत किंवा जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने अडलेल्या कार्ब्युरेटरच्या झडपेत आहे.

सांधे जड असल्यास जुने ग्रीस व गाळ पुसून, पाण्याने न धुतले जाणारे ग्रीस लावावे. मुठीतील दोषासही हाच उपाय. केबलला तीव्र वळण पडले असेल, तर तिचा मार्ग सैल व गोलाकार करावा. आवरण फाटले असेल वा तार गंजली असेल, तर केबल बदलणेच श्रेयस्कर. तेल सोडून गंजलेली केबल काही दिवस हलकी वाटते. पण नेमक्या प्रसंगी ती अडकू शकते. कार्ब्युरेटरचे काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडे सोपवावे.

जोडणी खुणेप्रमाणे करून, इंजिन बंद असतानाच थ्रॉटल पूर्ण उघडतो व पूर्ण मिटतो याची खात्री करावी. मग बोट पाण्यात बांधून इंजिन न्यूट्रलमध्ये मंद वेगावर सुरू करावे आणि सुकाणू डावीकडून उजवीकडे संपूर्ण वळवावे. मंद वेग अचानक वाढला, तर केबल कोठेतरी ताणली जात आहे असे समजावे व तिचा मार्ग पुन्हा तपासावा.

वैनगंगेकाठच्या गावांतून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी ही तपासणी दरवर्षी मृगाच्या आधी, मे महिन्यातच उरकावी. तेव्हा दोष सापडला, तर केबल मागवून बसवण्यास अवधी असतो. नदी काठ सोडून वाहू लागल्यावर तो मिळत नाही.