पहिले शील आणि पन्नास रुपयांचा दंड



विहारात आपण पंचशील ग्रहण करतो, तेव्हा पहिल्याच शीलात प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे वचन देतो. येथे प्राणी म्हणजे केवळ माणूस नव्हे. दारातले कुत्रे, चुलीजवळ निजणारे मांजर, दावणीची शेळी हीही त्यात आली. या मुक्या जिवांविषयी देशाचा कायदा काय सांगतो आणि आपले शील काय सांगते, हे आजच्या पाठात पाहू.

संसदेने १९६० साली प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे जनावराला निर्दयपणे मारणे, मालकाने त्यास पुरेसे अन्नपाणी न देणे, आखूड साखळीने बांधून ठेवणे, पाळलेले जनावर विनाकारण सोडून देणे हे गुन्हे आहेत. पण शिक्षा काय लिहिली? पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा घडल्यास २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्या काळी पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात एका घरची एका वेळची भाजीही नीट येत नाही.

म्हणून शिक्षा वाढवावी अशी मागणी पुढे आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. अतिक्रूर कृत्यास हजारो रुपयांचा दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आणि ठार मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, असे त्यात सुचविले होते. पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

दुसरा एक बदल मात्र प्रत्यक्षात आला. १८६० च्या दंड संहितेत जनावर मारणाऱ्यास शिक्षा होती, पण कायदा आधी किंमत विचारीत असे : जनावर दहा रुपयांचे की पन्नास रुपयांचे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात किमतीची ही अट उरली नाही. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे वा जायबंदी करणे यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्यापैकी कोणी विचारील, "महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी पिता येत होते, आणि आमच्या आज्या-पणज्यांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मग जनावरांची काळजी आम्हीच का करावी?" हा राग खरा आहे, रास्त आहे. परंतु तळ्यावर पहारा जनावरांनी बसविला नव्हता. तो माणसांनी बसविला होता. त्याचा सूड मुक्या जिवावर काढणे हा न्याय नव्हे.

उलट, सौम्य शिक्षेने काय होते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली ती पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा झाला. त्या शिक्षेचा धाक पुरेना, म्हणून १९७६ साली ती वाढवावी लागली आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला. माणूस आणि जनावर यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. सांगायचे इतकेच की, दुबळ्याला मारणे स्वस्त असेल तर मारणारा थांबत नाही. आपण तर ओरडू शकतो, अर्ज करू शकतो, मोर्चा काढू शकतो. कुत्र्याला तेही जमत नाही.

तरीही कायद्याने सगळे होत नाही. १९४३ साली पुण्यात न्या. रानडे यांच्यावरील व्याख्यानात बाबासाहेबांनी बजावले होते की, हक्कांचे खरे रक्षण कायदा करीत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते. पोलीस प्रत्येक अंगणात उभा राहू शकत नाही. शील मात्र उभे राहू शकते. श्रावस्तीजवळ काही मुले काठ्यांनी सापाला मारीत असलेली भगवान बुद्धांनी पाहिली. स्वतःला सुख हवे म्हणून जो दुसऱ्या सुखेच्छू जिवाला दुखवितो त्याला सुख लाभत नाही, अशी शिकवण त्यांनी त्या प्रसंगी दिली. दंडाची भीती घालण्याची त्यांना गरज वाटली नाही. बावीस प्रतिज्ञांतही सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन आहेच.

तेव्हा उपासक-उपासिकांनी एवढे करावे : पाळलेल्या जनावरास वेळेवर पाणी द्यावे व बांधल्यास दोर लांब ठेवावा. ते म्हातारे झाले म्हणून गावाबाहेर सोडू नये. मूल कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधू लागले तर हसू नये, तिथेच थांबवावे. कोणी विष घालताना दिसल्यास पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि तीत ३२५ वे कलम लिहावे.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. जनावराची किंमत पाहून शिक्षा ठरविणे योग्य होते काय?
२. कोणी पाहत नसताना आपल्याला कोण अडविते, कायदा की शील?

जय भीम! नमो बुद्धाय!