नवे यंत्र, जुनी प्रणाली

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, भोकरदन, जाफ्राबाद व अंबड आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र येऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्या काळचे कागदी दप्तर आजही कोणालाही उघडून वाचता येते. संगणकावरील दप्तर मात्र इतके सोशिक नाही.

२०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे राज्यातील ग्रामपंचायतींमध्ये संगणकीकरणास चालना मिळाली. त्या पिढीतील यंत्रे आता थकली. नवे यंत्र येते, आणि घरपट्टीचा जुना प्रोग्राम त्यावर चालत नाही, जुना प्रिंटर ओळखला जात नाही. अशा वेळी नव्या यंत्रावर जुनी विंडोज सेव्हन किंवा एक्सपी घालावी, असा सल्ला हमखास मिळतो.

हे वाटते तितके सरळ नाही. परिचालन प्रणाली म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधील दुभाषी होय. सेव्हन २००९ साली आली. नंतरच्या यंत्रांतील यूएसबी ३.० ची व एनव्हीएमई डिस्कची भाषा तिला मुळातून ठाऊक नाही. परिणामी स्थापनेचा पडदा दिसतो, पण माऊस व कळफलक निर्जीव राहतात. ते चाललेच तर डिस्क सापडत नाही. आवश्यक ड्रायव्हर स्थापना-संचात आधी मिसळावे लागतात. शिवाय सिक्युअर बूट बंद करून जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय चालू करावी लागते, आणि अनेक नव्या यंत्रांत ती सोयच उरलेली नाही. एवढे करूनही चित्रपटल व नेटवर्क यांचे ड्रायव्हर मिळतीलच असे नाही, कारण यापुढील प्रोसेसरांना त्या वेळची नवीनतम विंडोजच लागेल, असे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले होते.

धोका तर वेगळाच. एक्सपीचे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी, सेव्हनचे १४ जानेवारी २०२० रोजी संपले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणक कुलूपबंद केले, तेव्हा दुरुस्ती न बसवलेली यंत्रेच बळी पडली. जन्ममृत्यूच्या नोंदी असलेले यंत्र अशा अवस्थेत इंटरनेटला जोडणे ही निष्काळजी होय.

पुष्कळदा तर दोष प्रणालीचा नसतोच. जुनी मराठी पत्रे, शाळेच्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांना इंग्रजी अक्षरांचेच संकेतांक दिलेले असतात. फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. जुन्या यंत्रातील फॉन्टची फाईल नव्यावर घेतली की मजकूर बहुधा वाचता येतो, आणि नंतर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावे लागते.

प्रोग्राम खरोखरच जुन्या प्रणालीवाचून चालत नसेल, तर नव्या प्रणालीच्या आत ‘आभासी यंत्र’ निर्माण करून त्यात जुनी प्रणाली बसवावी व तिचा नेटवर्कशी संबंध तोडावा. व्हर्च्युअलबॉक्ससारखे प्रोग्राम त्यासाठी उपलब्ध आहेत. मात्र जुन्या प्रणालीचा परवाना कार्यालयाकडे आहे की नाही, हे आधी पाहावे.

यांपैकी काहीही करण्यापूर्वी जुन्या डिस्कच्या दोन प्रती काढून, त्या दुसऱ्या यंत्रावर उघडतात याची खात्री करावी. मूळ डिस्कवर गावाचे नाव व दिनांक लिहून ती कपाटात ठेवावी, भंगारात देऊ नये.