जीपमधला इन्व्हर्टर आणि तारेची जाडी

रानवाटांवर फिरणाऱ्या जीपमध्ये इन्व्हर्टर बसवला, की बॅटरीच्या १२ व्होल्ट एकदिश प्रवाहापासून २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो. मुक्कामावर त्यावर दिवे लागतात, छोटी यंत्रे चालतात. परंतु बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत घरातल्यासारखी तार चालेल काय? विद्यार्थी मित्रहो, गणित करून पाहू.

समजा, इन्व्हर्टर बॅटरीकडून ६०० वॉट शक्ती घेतो. शक्तीला दाबाने भागले की प्रवाह मिळतो. ६०० ÷ १२ = ५० अँपिअर. २३० व्होल्टवर याच शक्तीला अवघे २.६ अँपिअर पुरतात.

इन्व्हर्टर २ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार ४ मीटर लागते. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या एवढ्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०२८ ओहम असतो. म्हणजे ५० × ०.०२८ = १.४ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि १.४ × ५० = ७० वॉट उष्णता निर्माण होते. तारेचे आवरण मऊ पडू लागते! छेद दसपट, म्हणजे २५ चौरस मिलिमीटर घेतला, तर रोध एक दशांश होतो आणि उष्णता ७ वॉटवर येते.

दुसरा धोका हादऱ्यांचा. तार लोखंडी सांगाड्यावर घासून आवरण फाटते. सांगाडा बॅटरीच्या ऋण अग्राला जोडलेला असल्याने शॉर्ट सर्किट होऊन शेकडो अँपिअर वाहतात आणि आग लागू शकते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन अग्राजवळच बसवावा. तो इन्व्हर्टरजवळ बसवला, तर मधली सारी तार असंरक्षित राहते.

आता तुम्ही सांगा : बॅटरी २४ व्होल्टची असती, तर त्याच ६०० वॉटसाठी पहिल्या तारेत किती उष्णता निर्माण झाली असती?