साखरेची पुडी

पोराला मधुमेह झाला. रोज इन्सुलीनची सुई घ्यावी लागते. म्हणून आई त्याला कबड्डीला सोडीत नाही. बाप म्हणतो, "तू सावलीत बस. कुदळ धरू नकोस." असे आम्ही पुष्कळ घरांत पाहतो. माया खरी, पण हे बरोबर नाही. त्याने जोर काढावे, खेळावे, शेतात राबावे. फक्त काही गोष्टी सांभाळाव्या.

हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. यात अंगात इन्सुलीन जवळजवळ तयारच होत नाही. ते बाहेरून घ्यावे लागते. १९२२ साली कॅनडातील टोरांटो शहरात १४ वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचले. त्याआधी अशी मुले फार दिवस जगत नसत. तेव्हा सुई कधीही बंद करू नका.

इन्सुलीनने रक्तातली साखर उतरते. मेहनतीने ती आणखी उतरते. निरोगी माणसाचे शरीर अशा वेळी आपले इन्सुलीन कमी करते. सुईने आत गेलेले इन्सुलीन कसे कमी होणार? मग साखर फार खाली जाते. हातपाय कापतात. दरदरून घाम सुटतो. माणूस भलतेच बोलू लागतो. लोक म्हणतात, दारू प्याला, नाहीतर बाहेरचे लागले. देवऋषी शोधण्यात वेळ जातो आणि पोर बेशुद्ध पडते.

अशा वेळी काय द्यावे? साखर! हसू नका. त्या वेळी तेच औषध. चहाचे ३-४ चमचे साखर पाण्यात कालवून पाजा. १५ मिनिटांनी रक्त तपासा. आकडा ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका. कुशीवर निजवा आणि लगेच दवाखान्यात न्या.

खेळण्याआधीही रक्त तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी गोड खा. २५० च्या वर असेल तर पट्टीने लघवी तपासा. पट्टीवर कीटोन दिसले, किंवा उलट्या होत असल्या, तर मेहनत नको, डॉक्टरांना गाठा. धावायचे त्या दिवशी मांडीत सुई घेऊ नये, पोटावर घ्यावी. मेहनतीच्या दिवशी इन्सुलीन किती कमी करायचे, तेही डॉक्टरांनाच विचारा.

संध्याकाळी कुस्ती झाली तर साखर रात्री झोपेतही उतरते. निजताना रक्त तपासा. उशाशी साखर ठेवा.

आणि तालमीत? लंगोटाला खिसा नसतो. पुडी वस्तादांजवळ द्या, आणि ती कशासाठी, हेही त्यांना सांगून ठेवा.